बिजलीचा टिका

गाढवपणा माणूस कुठेही करतो. मी तो घोडीच्या बाबतीत केला, आणि तोही भर नागपुरात, बँडबाजासकट!

तुम्हाला माहीतच आहे, मी जनावरांचा डॉक्टर. डास चावून घोड्यांना मेंदूज्वर होतो ना, त्यावर आमच्या प्रयोगशाळेत लस तयार होते आहे. जिवंत विषाणू नाही, त्याचं नुसतं टरफल; म्हणजे धोका कमी. आणि किंमत अशी, की लग्नात घोडी भाड्याने देणाऱ्यालाही परवडावी. चाचणीला एकच घोडी कमी पडत होती. पावसाळा तोंडावर! डास यायच्या आत टोचायला हवं, नाहीतर वर्ष वाया.

म्हणून बंडूभाऊ घोडीवाल्यांना फोन लावला.

"भाऊ, तुमच्या बिजलीला लस द्यायची आहे."

"लस? माह्या बिजलीले जखमच नाई, तं लस कुठून येईन?"

झालं! जखमेतून वाहते तीही लसच. मग मी हुशारी केली. म्हटलं, हिंदी शब्द वापरावा.

"अहो, टिका, टिका! टिका लावायचा आहे. रविवारी बिजलीला घेऊन या आमच्या ऑफिसात."

"हां, मंग असं बोला ना! पण टिक्यालेच घोडी? हौस हाय बा तुमाले!"

आमच्याकडे सोयरीक पक्की करताना मुलाच्या कपाळाला कुंकू लावतात, तोही टिकाच. हे मला तेव्हा आठवायला नको? लग्नाच्या वयाचा माणूस मी!

रविवारी सिरिंज भरून उभा राहिलो. फाटकातून आधी ढोल आला, मग पिपाणी, मग बिजली. पायात घुंगरू, पाठीवर मखमली झूल! चौकीदाराने धावत येऊन मला मिठीच मारली. "साहेब, सांगितलं काहून नाई?"

"चला नवरदेव!" बंडूभाऊ म्हणाले.

मी सिरिंज दाखवली.

"म्हंजे सुई? माह्या पोरीले?" त्यांनी लगाम फिरवला. शेवटची घोडी निघाली की हो! मी वाटेत आडवा झालो. टरफल, डास, धोका, सगळं घडाघडा सांगितलं. त्यांच्या भावाचा घोडा याच तापाने गेलेला. ते विरघळले.

"बरं, टोचा. पण सजवलेली घोडी रिकामी नाई नेत मी, अपशकुन असते. आधी बसा!"

काय करता? चौकीदाराने माझ्या कपाळी टिका लावला, फेटा बांधला, आणि मी वाजतगाजत आमच्याच प्रयोगशाळेला प्रदक्षिणा घातली. आमचे साहेब खिडकीतून टाळ्या वाजवत होते. मग बिजलीने शहाण्यासारखी सुई टोचून घेतली.

पण चौकीदाराने व्हिडिओ काढला होता ना! तो फिरत फिरत पोचला नागपूरजवळच्या कन्हानला. तिथल्या एका मुलीशी माझं जुळत आलं होतं. मला फार आवडली होती ती, खोटं कशाला बोलू? तिच्या वडिलांनी माझ्या आईला फोन केला. "तुमच्या पोराचा टिका होऊन गेला, अन् तो आमच्या घरी पोहे खाऊन राहिला?"

आई कडाडली, "कोन हाय रे ते पोरगी?"

"घोडी होती वं आई!"

तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. कन्हानवाल्यांना समजावायला मी स्वतः गेलो. म्हटलं, टिका म्हणजे लस हो! ते शांतपणे म्हणाले, "कपाळाले?"

असो. बिजलीला ना ताप आला, ना सूज. परवा, लग्नसराईत, बंडूभाऊंचा आनंदाने फोन आला.

"साहेब, बिजली एक नंबर! काल तिनं कन्हानले नवरदेव पोचवला. नवरीचे बाबा तुमाले वळखतात म्हने!"