हापशाचा दांडा आणि बदललेली फाइल

आधीच सांगून ठेवते, माझं डोकं लवकर फिरतं. बाप म्हणायचा, ह्या पोरीला मेंढरांमागं धाडू नका, लांडग्यालाच चावंल ती. म्हणून मला शिकवलं, आणि मी मुकुंदवाडीच्या अलीकडं, टँकर भरायच्या पॉइंटवर कम्प्युटरला बसले.

दुष्काळ होता. टँकर कुठं भरायचा, कोणत्या गल्लीत रिकामा करायचा, हे प्रोग्राम ठरवायचा आणि तशी चिठ्ठी छापून निघायची. लाईट दिवसातून कितीदा जायची, फायली खराब व्हायच्या. म्हणून चिठ्ठ्या काढण्याआधी रोज तपासणी चालवायची. प्रोग्राम बसवताना मुख्य ऑफिसनं प्रत्येक फाइलची खूण घेऊन ठेवलेली. आमच्यात मेंढराच्या कानाला खाच मारतात ना, तशी. एक अक्षर जरी इकडचं तिकडं झालं तरी खूण जुळायची नाही, आणि त्या फाइलचं नाव पडद्यावर लाल यायचं. सगळं जागच्या जागी असलं तर मशीन काहीच बोलायचं नाही. शाब्बास नाही, ठीक नाही, काही नाही. मला ते गप्प बसणं लई आवडायचं.

एका ड्रायव्हरला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. दुपारी माझ्या खुर्चीत पंख्याखाली बसून डबा खायचा आणि उठताना म्हणायचा, "बेटी, तेरे मशीन कू हात नहीं लगाया, कसम से." मी म्हणायचे, लावून तर बघा, बोटंच मोडते.

तिकडं बायपासला नव्या बिल्डिंगा उगवत होत्या. आमच्या पॉइंटचा बोअर आटला, तेव्हा तिथल्याच एका साइटवरची विहीर सरकारनं ताब्यात घेतली. चाचाचा टँकर तिथं भरायला जाऊ लागला. भरायला! पण चाचा ज्या गल्लीला पाणी द्यायचा, तिथल्या लोकांनी टँकर साइटच्या फाटकातून आत जाताना पाहिला आणि धरून चालले, की तो आत रिकामा होतोय. त्यांचंही काय चुकलं? त्यांनी जन्मात टँकर रिकामा होतानाच पाहिलेला. त्यात गाड्या कमी पडत होत्या, गल्लीची पाळी मागं मागं सरकत होती. चाचा माझ्या खुर्चीत बसतो हेही कुणाच्या तरी डोळ्यांत होतं. झालं! चाचानं कम्प्युटरमध्ये घोळ करून आमचं पाणी बिल्डरला दिलं, अशी बोंब उठली.

भर दुपारी आले. आधी काचा फुटल्या, मग दार. चाचाला टँकरवरून ओढून, फरफटत आत आणलं. सदरा फाटलेला, कान रक्तानं भरलेला. सगळ्यांत पुढं एक मावशी होती, घरी बाळंतीण लेक असलेली. हातात हापशाचा लोखंडी दांडा. हापसा कोरडा पडल्यावर दांडा उपसून घरी ठेवला होता म्हणे.

"चिठ्ठीवर लिहिलंय मावशी, साइटवर भरणे!" मी ओरडले.

"चिठ्ठीच खोटी! मशीनच फिरवलंय ह्यानं!" आणि दांडा चाचाच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला टेबलाच्या ह्या बाजूला ऐकू आला. चाचा मनगट धरून खाली बसला. लोकांनी लाथा सुरू केल्या.

"थांबा! फिरवलं असंल तर मशीन आत्ता सांगंल!" मी तपासणी चालवली. सगळे पडद्याकडं बघत राहिले. पडदा कोरा.

"काय म्हणतंय?"

"काहीच नाही. म्हणजे सगळं ठीक आहे."

"ठीक असतं तर बोललं असतं! गप हाय म्हंजी लपवतंय!" आणि परत लाथा. एकानं चाचाचं डोकं भिंतीवर आपटलं. आता हा माणूस मरतो, हे मला लख्ख दिसलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशीचं बखोट धरलं, तिला खुर्चीत दाबून बसवलं. "बघ डोळं फाडून. आता मी चोरी करते." प्रोग्रामची एक फाइल उघडली, तिच्याच बोटानं एक बटण दाबायला लावलं, फाइल बंद केली आणि तपासणी पुन्हा चालवली. लाल ओळ आली.

"आता बोललं," मावशी म्हणाली.

"मगाशी का नाही बोललं?"

तिला वाचता येत नव्हतं, पण तिला समजलं. ती उठली, दांडा आडवा धरून चाचाच्या पुढं उभी राहिली. "व्हा माघारी! मशीन खरं हाय. ह्येला हात लावंल त्याचं टाळकं फोडीन!" पुढचे थांबले. मागच्यांना काय कळणार? मागून आलेला दगड थेट कम्प्युटरवर बसला आणि पडदा विझला. मशीन फुटलं तशी गर्दी पांगली, चाचाला दवाखान्यात नेलं; फाइल परत नीट करायची राहून गेली.

दुसऱ्या दिवशी क्रांती चौकातल्या मुख्य ऑफिसातून साहेब आले, सोबत पोलीस. फुटक्या मशीनला दुसरा पडदा जोडून तपासणी केली. लाल ओळ. "फाइल बदललेली आहे. म्हणजे लोक खरं बोलत होते."

"साहेब, ती मी बदलली. सगळ्यांसमोर."

"त्याला वाचवू नका."

"वेळ बघा ना फाइलची!"

"तुमच्या मशीनचं घड्याळ कधीच मेलंय, बाई."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता. चाचाचा हात मोडलेला, त्यात नोकरी जाणार, वर पाणीचोरीचा गुन्हा. साक्षीदार आणा, म्हणाले. मी गल्लीत दारोदार फिरले. कालचे शूर सगळे मूग गिळून बसलेले. तिथं होतो म्हणावं, तर दंगलीच्या केसमध्ये नाव लागतं. "आम्ही नव्हतो ताई," म्हणत एकेकानं दार लावलं. मी त्या बंद दारांवर लाथा घातल्या, आया-बहिणी काढल्या. उपयोग शून्य.

मावशी घरात नव्हती. परत आले तर ती साहेबांसमोर उभी. दांडा टेबलावर.

"ह्या दांड्यानं म्या त्याचा हात मोडला. लिवा. आन् ती फाइल माझ्या बोटानं बिघडली. त्येबी लिवा."

"मावशी, तुम्हाला आत घालतील," पोलीस म्हणाला.

"व्हय. पण त्यानं पाणी चोरलं नाय."

साहेबांनी लिहून घेतलं, चाचावरचा गुन्हा टळला. तिला जीपमध्ये बसवताना मला रडू फुटलं. राग होताच तिच्यावर, हात तिनंच मोडला होता. तरी रडले.

त्या गल्लीत ड्रमांची रांग मोडायची नाही, हा कायदा. रांग मोडली की डोकी फुटायची, बायकासुद्धा मागं हटायच्या नाहीत. गल्लीच्या पुढच्या पाळीला मशीन बंद म्हणून हातानं चिठ्ठी लिहून मी टँकरसोबत गेले. प्लास्टर घातलेला चाचा दुसऱ्या ड्रायव्हरशेजारी बसून आला होता. मावशीचा ड्रम सगळ्यांत मागं, शेजारी तिची ओली बाळंतीण उन्हात उभी. चाचा खाली उतरला, डाव्या हातानं पाईप ओढत ओढत पार रांगेच्या शेवटाला गेला आणि पहिलं पाणी त्या ड्रममध्ये सोडलं.

रांगेतून कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.