सोबतीला कोण?

ठाण्याच्या रुग्णालयात मला औषधाबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं. ही एक अँटीबॉडी. कर्करोगाच्या पेशी हुडकून त्यांना चिकटते आणि आपल्याच शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना तिथे बोलावून घेते. प्राण्यांवर झालं, आता माणसांवर पहिल्यांदाच. डॉक्टर तरुण होते, पण आडपडदा न ठेवणारे. म्हणाले, "ही चाचणी तुम्हाला बरं करायला नाही. माणसाला किती मात्रा सोसते, ते बघायला आहे." माझ्या पोटातला आजार नेहमीच्या औषधांना केव्हाच पुरून उरला होता. मी जन्मभर कोर्टात लोकांच्या साक्षी टाइप केल्या. इतकं सरळ बोलणारा माणूस क्वचित भेटला. मी हो म्हटलं.

मग नर्सने विचारलं, "सोबत कोण?"

"कोणी नाही. एकटीच आलेय."

"आत्ता नाही हो, औषध दिल्यावर घरी. थंडीताप भरतो, बीपी उतरतं. त्या रात्री कोणीतरी पाहिजेच. नाहीतर घेता येणार नाही तुम्हाला."

म्हणजे कर्करोग पुरेसा होता, माणूस कमी पडत होता. मला हसू आलं आणि पाठोपाठ रागही. लग्न केलं नाही, त्याचा जाब या वयात, असा द्यावा लागेल असं वाटलं नव्हतं. टिटवाळ्याच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "बघतो गं." आमच्या घरात 'बघतो' म्हणजे 'नाही'.

लहानपणी कल्याणच्या चाळीत हे किती सोपं होतं. कोणाचा नवरा गावाला गेला की आई माझ्या हातात उशी देऊन पिटाळायची, "जा गं, सोबतीला." मी जाऊन गाढ झोपायची. मी कसली राखण करणार? पण सकाळी ती बाई आईला सांगायची, पोर होती म्हणून डोळा लागला.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं दार वाजवलं. त्यांचं घर मुलगा, सून, नातवंडांनी भरलेलं. आमचं बोलणं कधीचं बंद होतं, कारण त्या कपडे न पिळताच वाळत घालतात आणि पाणी माझ्या पापडांवर. डोंबिवलीत, मानपाड्याच्या या इमारतीत माझी ओळख म्हणावी तर हे एक भांडणच.

मी अडखळत सांगायला लागले. अँटीबॉडी वगैरे त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. "म्हणजे सोबतीला यायचंय ना ताई? मग एवढं काय त्यात!"

पहिलं औषध मला दाखल करूनच दिलं. पुढची सकाळी देऊन संध्याकाळी घरी सोडायचे. दर तिसऱ्या मंगळवारी वहिनी उशी काखेत मारून यायच्या. थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता, कपाळाला हात लावायच्या. सुनेच्या तक्रारी सांगता सांगता झोपायच्या आणि खुशाल घोरायच्या. माझं अंग तापाने फणफणत असायचं, पण घरात दुसरा श्वास असायचा. सकाळी दोघींचा चहा टाकायचा. खरं सांगते, मी त्या मंगळवारांची वाट बघायला लागले होते.

परवाच्या मंगळवारी रक्त घेतलं आणि औषधाआधीच डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. स्कॅनमध्ये आजार वाढलेला दिसत होता. चाचणीतलं माझं काम संपलं. "तुम्ही सोसलंत, म्हणून पुढच्या लोकांना मात्रा वाढवून देता येईल," ते म्हणाले. बिचाऱ्यांचा आवाज खाली गेला होता. मीच त्यांचे आभार मानले आणि बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर रडले. मरणाचं रडू नव्हतं ते. आता घरी कोणी येणार नाही, याचं होतं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात वहिनी, काखेत उशी.

"दिलं का औषध?"

माझ्या हातावर रक्त काढलेल्या जागचा कापूस अजून तसाच होता.

"दिलं," मी म्हटलं, आणि त्यांची गादी घालायला आत वळले.