भिंतीआडचा पाऊस

माझे वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांनी जुन्या मराठा राजवाड्यामागच्या आमच्या घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी साडेआठला वर जाऊन पाऊस मोजायला लागले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिल्यानं घरात आम्ही मराठी बोलतो, पण लिहितो तमिळ. त्यामुळे त्यांच्या वह्या तमिळमध्येच आहेत. पुढे त्यांचे गुडघे गेले आणि जिना चढायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत भूगोल शिकवते. निघायच्या गडबडीत वर जाऊन मोजायचं, खाली येऊन आकडा सांगायचा आणि अप्पांनी चष्मा लावून तो लिहून घ्यायचा, असं आमचं चाललेलं.

दोन वर्षांपूर्वी जवळच्या पापनाशम गावी शेतकऱ्यांची एक बैठक होती. बदलत्या हवामानावर बोलायला त्यांनी मला बोलावलं. मी साऱ्या वह्या काढून मोठ्या कागदावर आलेख केला. बरीच वर्षं वरखाली होत चाललेली रेघ शेवटच्या दहा-बारा वर्षांत स्पष्ट खाली उतरत होती. खरं सांगायचं तर ती पाहून मला बरं वाटलं. मला जे सांगायचं होतं तेच कागद सांगत होता.

बैठकीत मी म्हटलं, "आपल्याकडचा पाऊस कमी होत चाललाय." माना हलल्या. मागच्या बाकावरचे एक म्हातारे शेतकरी, ज्यांना सगळे आदरानं अय्या म्हणत, ते मात्र उभे राहिले.

"टीचर, कमी झाला म्हणता. मग माझं सांबा हंगामाचं भात तीनदा पाण्याखाली गेलं ते कशानं?"

"बुडालेली वर्षं लक्षात राहतात, अय्या. कोरडी विसरायला होतात," मी म्हटलं. "म्हणून तर वही ठेवायची."

लोक हसले. म्हातारे खाली बसले.

परतताना बसमध्ये ते हसू मला टोचत राहिलं. मी बोलले ते खोटं नव्हतं. पण ते मी त्यांना समजावायला नाही, गप्प करायला वापरलं होतं.

आठवडाभरानं ऐप्पसीचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस लागला. एका सकाळी मी छत्री घेऊन गच्चीवर गेले तर वारा ईशान्येकडून येत होता आणि पाऊस तिरका पडत होता. छत्री बाजूला ठेवून पर्जन्यमापकाजवळ वाकले आणि लक्षात आलं की पाठीवर थेंब पडत नाहीत. चार पावलं मागे सरले तर चिंब भिजले. ईशान्येला शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्याची भिंत होती, तिच्यावर पाण्याची टाकी. ती पुरी होत आली तेव्हा मी रोज वर येत होते. गवंड्यांशी बोललेही होते.

पण भिंत दिसली म्हणून लगेच सगळं तिच्या माथी मारायचं, तर मी पुन्हा तेच करणार होते. मी दुसरा पर्जन्यमापक आणून शाळेच्या मैदानात मधोमध लावला आणि तो सगळा हंगाम दोन्हीकडचा पाऊस मोजला. सरळ पडला त्या दिवशी आकडे जवळपास सारखे यायचे. वाऱ्याबरोबर आला की गच्चीवरचा कमी भरायचा. जवळच्या तिरुवैयारुच्या सरकारी पर्जन्यमापन केंद्रातले जुने आकडेही मागून आणले. त्यांच्या आणि आमच्या वह्या कितीतरी वर्षं बरोबरीनं चालल्या होत्या. भिंत उठली त्या वर्षापासून आमची मागे पडत गेली होती.

हे अप्पांना सांगायचं मला धैर्य होईना. शेवटी एका दुपारी त्यांची कॉफी झाल्यावर शाळेच्या आणि केंद्राच्या आकड्यांशी ताडलेले दोन्ही कागद समोर ठेवून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ते पाहिले.

"तू रोज वर जात होतीस गे. दिसलं नाही?"

"दिसलं, अप्पा. पण सुचलं नाही."

मग ते हळूच म्हणाले, "भिंत बांधायला लागले तेव्हा अजून मीच वर जात होतों. मज बरंच वाटलं होतं. सावली पडली, पाणी आटायचं नाही म्हटलं."

 मग त्यांनी लाल पेन मागितलं. भिंतीच्या वर्षाची वही उघडून त्यांनी समासात लिहिलं की इथून पुढचे आकडे आडोशाचे आहेत. एकही आकडा खोडला नाही.

"खोडून काय करायचं? पडला तेवढा मोजला. कुठं मोजला ते सांगितलं की झालं."

पुढच्या बैठकीला मी पुन्हा पापनाशमला गेले. "मागच्या वेळी मी चुकले," म्हटलं आणि भिंतीची गोष्ट सांगितली.

तेच म्हातारे उठले. "म्हणजे पाऊस वाढलाय?"

"तेही मी म्हणत नाही. पृथ्वी तापतेय हे पक्कं आहे; ते जगभरच्या हजारो ठिकाणांच्या नोंदींवरून कळलंय, माझ्या गच्चीवरून नाही. आपल्याकडचा पाऊस मुळातच एका वर्षी धो धो, दुसऱ्या वर्षी हूल देणारा. त्यातून एका घराच्या वहीनं काही ठरवता येत नाही."

"मग तुमच्या वहीचा उपयोग काय?"

"किती पडला ते चुकलंय. कुठल्या दिवशी पडला ते बहुतेक बरोबर आहे."

ते पुढे सरसावले. "तारखा आहेत? मग पेरणीनंतर किती दिवस उघडीप होती, ते सांगता येईल?"

हे मला सुचलंच नव्हतं.

पोंगलच्या सणानंतर ते म्हातारे स्वतः आमच्या घरी आले, केळ्यांची एक फणी घेऊन. अप्पांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि दोघांनी वर्षामागून वर्ष चाळायला सुरुवात केली. एका पुरावरून दोघांचं जुंपलं. त्यांच्या मते तो त्यांच्या मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी आला, अप्पांच्या मते त्याच्या पुढच्या वर्षी. आवाज चढले, म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. वही उघडली तर पूर लग्नाच्या आदल्या वर्षीचा निघाला. दोघंही चूक.

"तुमच्या भिंतीमुळं असेल," म्हातारे म्हणाले.

"भिंत तेव्हा नव्हती," अप्पा म्हणाले, आणि दोघं मिळून पुढचं पान शोधायला लागले.