निकमबाईंचे दात

भूखंड बळकावणाऱ्यांविरुद्धच्या सभेची वेळ मी आमच्या इंदिरानगरच्या इंटरनेट फोरमवर टाकली. बळकावणारेही त्याच फोरमचे सभासद होते, हे विसरलो.

फोरम मीच काढला होता. नगरसेवक भेटत नाही, मग निदान आपण एकमेकांशी बोलू, हा उदात्त विचार. सगळे टोपणनावांनी गर्जायचे. मी ‘वाघनख’. एकट्या निकमबाई, शाळेतल्या आमच्या पी.टी.च्या बाई, खाली पूर्ण नाव, घर नंबर आणि ‘सकाळी घरीच असते’ असं लिहायच्या. सायबर कॅफेत एका बोटाने की-बोर्ड असा बडवायच्या की मालक कळवळायचा. “नाव घालून बोला रे! तोंड झाकून कसल्या शिव्या देता?” हे त्यांचं पालुपद.

भूखंड बागेसाठी राखलेला. त्यावर कुंपणाचे खड्डे पडले होते. सभेला पाठिंबा धो धो आला; माणसं आली दोन. बाई आणि मी.

जीप आली. चौघं उतरले, हातात हॉकी स्टिका. बाई खड्ड्यात पाय सोडून बसल्या.

“ए म्हातारे, ऊठ! लय शहाणपण नको.”

“खांब रोवायचाय ना? आधी मला पूर.”

पहिला फटका खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा कपाळावर. रक्त डोळ्यांत उतरलं, तशी बाईंनी मारणाऱ्याचं मनगट दातांत धरलं. त्यांना लाथा बसत होत्या, पण मनगट सुटेना. तो असा किंचाळला की गॅलऱ्या माणसांनी भरल्या आणि जीप पळाली. हे सारं मी पाण्याच्या टाकीमागून पाहिलं.

दवाखान्यात सुजलेल्या ओठांनी बाई म्हणाल्या, “लिही.” त्यांनी सांगितलेलं मी कॅफेत जाऊन त्यांच्या नावाने जसंच्या तसं टाकलं: ‘आज मला मारलं. सभेची वेळ फक्त इथेच होती. ज्याच्या मनगटावर माझे दात उमटलेत, त्याने नाव घालून लिहावं. उद्या संध्याकाळी मी त्याच खड्ड्यावर आहे.’

पहिलं उत्तर कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचं, चक्क स्वतःच्या नावाने: ‘त्या मनगटाला पट्टी मी बांधली.’ पुढे त्या माणसाचं नाव. मग एकेक टोपणनाव गळू लागलं. दुसऱ्या संध्याकाळी हात गळ्यात अडकवलेल्या बाईंमागे अख्खी कॉलनी होती. लोकांनी खड्डे बुजवले. मनगटवाल्याला पोलिसांनी घरातून उचललं.

आज तिथे बाग आहे. बाई नाहीत.

त्या संध्याकाळी मलाही चेव आला. छाती काढून म्हणालो, “बाई, वाघनख म्हणजे मीच!”

बाईंनी टाके घातलेलं कपाळ माझ्याकडे वळवलं. “माहीत होतं रे. कबड्डीतसुद्धा तू गर्जना करून पंचांच्या मागेच लपायचास.”