नेवाडातल्या नंबरप्लेट

नेवाडाच्या वाळवंटात पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता आणि पंप अजून चाळीस मैलांवर होता. नवऱ्याने मुकाट्याने एसी बंद केला. "बघा, किती छान डोंगर!" मी मऊ आवाजात मुलांना म्हटलं. लहानपणी आईबाबांचा आवाज असा मऊ झाला की मला धडकी भरायची.

मागे नऊ वर्षांची ईरा, काचेपर्यंत न पोचणाऱ्या धाकट्या भावाला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरची राज्यं सांगत होती. "ओहायो गेली! आता टेक्सास!"

बरंय, मुलांना काही कळलेलं नाही, असं मनाशी म्हणत मी समोर पाहिलं. रस्ता पार क्षितिजापर्यंत रिकामा होता. अर्ध्या तासात एकही गाडी दिसली नव्हती.

मी मागे वळले. ईराची नजर काट्यावर खिळली होती.

"कॅन्सस गेली," ती भावाला म्हणाली, अगदी मऊ आवाजात.