कोशूताच्या चढावरचा हँडब्रेक

१४ नोव्हेंबर २०१७, मंगळवार. रुग्णवाहतूक कार्यालयाने चालक रामिझ हुस्कोविच यांना पत्र दिले. चौदा महिन्यांत गाडीच्या तीन क्लचप्लेटी जळाल्या, याचे कारण चालकाचा निष्काळजीपणा, आणि १ डिसेंबरपासून गाडी त्यांच्याकडून काढून घेण्यात येईल, असा त्याचा आशय होता. पत्रावर सही करणारे गृहस्थ कोशूताच्या चढावर एकदाही आलेले नाहीत, हेही येथे नोंदवलेले बरे.

रामिझने वयाच्या तेविसाव्या वर्षापासून तीस वर्षे मालट्रक चालवला होता. बोस्नियाच्या डोंगरांतून लाकडाचे ओंडके उतरवताना त्याने एकही क्लच जाळला नव्हता. पाठ धरली तेव्हा त्याने कार्यालयाची ही लहान व्हॅन चालवायला घेतली. कोशूताच्या माथ्यावरच्या मोहल्ल्यातले मूत्रपिंडाचे चार रुग्ण सकाळी दरीतल्या इस्पितळात न्यायचे, रक्त शुद्ध झाले की दुपारी परत वर पोहोचवायचे, आठवड्यातून तीनदा. काम हलके होते. तरी पहिली प्लेट सात महिन्यांत गेली, दुसरी चार महिन्यांत आणि तिसरी तिनांत.

प्लेट काढली ब्रांकोने. हा दरीतला मेकॅनिक. कार्यालयाचा त्याच्या शब्दावर विश्वास होता. त्याने काळीठिक्कर प्लेट रामिझच्या हातात दिली आणि फ्लायव्हीलवर तापून पडलेले निळे डाग बोटाने दाखवले.

"मालक, ही चालवून झिजलेली नाही. उभ्या उभ्या जळलीये. चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवतोस कुठेतरी."

"नाही धरत."

"पाय क्लचवर ठेवायची सवय?"

"तीस वर्षं ट्रक चालवलाय मी. मला पाय कुठे ठेवायचा ते शिकवतोस?"

"मग काय भुतं जाळतात?" ब्रांको हसला. रामिझ हसला नाही.

तो खोटे बोलत नव्हता. आपण कुठे थांबतो हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हते.

गुरुवारी दुपारी ब्रांको स्वतःच व्हॅनमध्ये बसला. पुढच्या आसनावर नेहमीप्रमाणे झुम्रा आजी होत्या. वय एक्याऐंशी, गालात साखरेचा खडा, आणि पट्टा लावायचा नाही असा निश्चय. पट्ट्याचा तांबडा दिवा लागला, टुकटुक सुरू झाली.

"आजी, पट्टा," रामिझ म्हणाला.

"माझ्या नवऱ्यानं मला कधी बांधलं नाही, तू कोण रे?"

"मी चालक. नवऱ्यानं दंड भरला नसता, मला भरावा लागतो."

मागून मुनीर खोकला. तो निवृत्त भूमापक, जीभ तिखट. "लाव गं झुम्रा. हा बिचारा असाही नोकरीवरून चाललाय."

कोशूताच्या मध्यावर, जिथे चढ सर्वांत उभा आहे, तिथे उजव्या हाताला कब्रस्तान आहे. धुक्यातून दगडांचे फक्त पांढरे माथे दिसत होते, कोणी गळ्यापर्यंत पाण्यात उभे असावे तसे. गाडीतले बोलणे तुटले. व्हॅन थांबली. ब्रेक लागल्याचा धक्का बसला नाही. ती नुसती पुढे जायची राहिली आणि मागेही सरकेना. इंजिन खालच्या सुरात घुमत होते. रामिझने दोन्ही हात सुकाणूवरून उचलून तळवे उघडले. सहा माणसांच्या वजनाची गाडी क्लचवरच्या त्याच्या एका डाव्या पावलावर लोंबकळत राहिली. ओठ हलू लागले. मृतांसाठीची फातिहा म्हणून संपली, की मागून कोणीतरी हलकेच एक नाव उच्चारी आणि ती पुन्हा सुरू होई. हाईरा. शेफ्को. बेचीर. ब्रांकोने नऊ नावे मोजली. नववे होईतो जळका वास आत शिरला होता. मग सर्वांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि व्हॅन चढू लागली.

"दोन मिनिटं वीस सेकंद," ब्रांको घड्याळाकडे बघत म्हणाला. "का थांबलास?"

"कुठे थांबलो?" रामिझने विचारले.

ब्रांकोने मागे वळून पाहिले. "आजोबा, गाडी थांबली होती ना?"

"नाही बुवा," मुनीर शांतपणे म्हणाला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

वर पोहोचल्यावर झुम्रा आजींनीच ते सांगितले. मेलेल्यांपुढून फातिहा न म्हणता जायचे नाही, हे सर्वत्रच आहे. कोशूताची रीत त्याहून वेगळी. इथे हँडब्रेक ओढायचा नाही; तो न ओढता उभे राहणे म्हणजे थांबणे नव्हेच. ओढला तर तुम्ही वाटसरू राहत नाही; तुम्ही पोहोचलात, असे मातीखालचे समजतात. रामिझच्या आधीच्या चालकाने, हिल्मियाने, सिगारेट पेटवायला तिथे हँडब्रेक ओढला होता. आठव्या दिवशी तो कब्रस्तानाच्या तिसऱ्या रांगेत गेला.

"आणि ती नऊ नावं?"

"याच गाडीतली," आजी म्हणाल्या. "आमच्या आजारात आसनं रिकामी होतात, पोरा. नवीन माणूस बसतो, जुन्याचं नाव तिथे घ्यायचं. टाकायचं कोणाला?"

प्लेटी दर खेपेला लवकर का गेल्या, ते ब्रांकोला उमगले. माणसे वाढत होती आणि ती सगळी एकाच प्लेटवर उभी होती.

"मी लिहून देतो, चालक निष्काळजी नाही म्हणून," तो म्हणाला. "पण चौथी प्लेट जळली तर माझा कागद कोण वाचणार? नावं घ्या, हवी तितकी घ्या. फक्त हँडब्रेक ओढून घ्या."

"यांना आत बसवून?" रामिझने विचारले.

शनिवारच्या फेरीत त्याने तो विषय काढला नाही. गाडी गेली तर नवा चालक वरपर्यंत येणार नव्हता. कार्यालय रुग्णांना चढाच्या पायथ्याशी उतरवणार होते, आणि इस्पितळातून परतलेल्या आजी तो चढ पायी चढू शकत नव्हत्या. २१ नोव्हेंबरला कब्रस्तानापाशी आजीच म्हणाल्या, "ओढ रे. माझी जागा तिथे नवऱ्याशेजारी कधीची ठरलीये. तुझ्या त्या दांडीला कोण विचारतो?"

रामिझने दांडी ओढली. दात्यांचा कर्र आवाज झाला. त्याने क्लच सोडला आणि गाडी मागच्या चाकांवर हळूच बसली, कोणी दार न उघडता आत येऊन बसावे तशी. मुनीर नकळत थोडा सरकला.

२६ नोव्हेंबरला, रविवारी, झुम्रा आजी झोपेतच गेल्या. डॉक्टरांनी हृदय लिहिले. मोहल्ल्याने हँडब्रेक लिहिला.

ब्रांकोच्या कागदामुळे पत्र मागे घेतले गेले आणि गाडी रामिझकडेच राहिली. मात्र मंगळवारी तिच्यात कोणी बसले नाही. त्याच्या सलामाला दुकानात उत्तर मिळेना. दोन रुग्णांनी तो दिवस चुकवला, तिसरा शेजाऱ्याच्या मोटारीने गेला. त्या आजारात दिवस चुकवणे म्हणजे काय, हे कोशूतावर कोणाला सांगायला नको. गुरुवारी मुनीर एकटाच काठी टेकत आला.

"पुढे बसा की, मुनीर काका."

"पुढे नको. मी मागेच बरा."

परतीला रामिझने हँडब्रेक ओढला. दहा नावे झाली, दहावे आजींचे. दहाव्या नावाला समोरचा तांबडा दिवा लागला. टुकटुक सुरू झाली. पुढचे आसन रिकामे होते. रामिझने हात लांबवून पट्टा ओढला आणि खटक्यात बसवला.

"आजी, पट्टा," तो म्हणाला. दिवा विझला.

ब्रांकोने त्या दिव्याची वायर दोनदा तपासली आहे. तिच्यात दोष नाही. चौथ्या प्लेटला आज सोळा महिने झाले. तीही नव्यासारखी आहे. उरलेले दोघे रुग्ण मात्र अजून शेजाऱ्यांच्या मोटारींतून येतात, आणि त्या मोटारी कब्रस्तानापाशी हाफ क्लचवर जळत उभ्या असतात. रामिझ हुस्कोविचने माणूस मारला, ही समजूत त्या धुरावर जगते आहे.

वाचकांपैकी जे कोशूता चढतात त्यांच्याकडे एवढीच मागणी आहे: तिथे थांबा, नावे घ्या आणि हँडब्रेक ओढा. प्रत्येकाने ओढा. ती दांडी एकट्या त्याच्या हातात ठेवू नका.