मत्लाकला म्हणजे केर

"कचरा? मुलीचं नाव कचरा?" मॅडम हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्यात ठेवतात ना गं असलं? केराबाई वगैरे?"

खोलीतले सगळे हसले. इंदिरानगरच्या त्या ऑफिसात मला किरण म्हणायचे. माझं खरं नाव फक्त कागदपत्रांत होतं, आणि ती मॅडमनी पाहिली होती. ते केराबाईच आहे.

आम्ही बाळांच्या नावांचं ॲप करत होतो. त्या दिवशी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची नावं होती. थांडिवे म्हणजे लाडकी. तेंडाई म्हणजे आभार माना. यादी तपासायला बोट्स्वानाहून इथे शिकायला आलेली बोइतुमेलो बसली होती. मत्लाकला वगळायच्या रकान्यात होतं. तिथे ते मीच टाकलं होतं. अर्थ वाचला आणि हात आपोआप गेला, याची मला आजही लाज वाटते.

बोइतुमेलो हसली नाही. इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "माझ्या आजीचं नाव आहे ते. तिच्या आधीची दोन भावंडं गेली. केर कोण उचलून नेतं? मरणसुद्धा नेत नाही. म्हणून ठेवलं."

निपाणीत माझ्या आधीचे दोन भाऊ गेले होते. मी जन्मले तेव्हा आईने मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, आणि आत्याने सापडली म्हणून उचलून घरी आणलं. मला जगवायला ठेवलेलं नाव मी कॉलेजपासून चोरासारखं लपवत होते. कुणाला भिऊन? हसणाऱ्यांना.

"चल, पुढचं नाव घे," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई मॅडम. हे ऱ्हाणार." ऑफिसात गावची बोली मी कधी तोंडातून निघू दिली नव्हती. त्या दिवशी रागाने निघाली.

"किरण, नाटक नको."

"केराबाई म्हणा. तुमास्नी ठावं हाय की."

आता कुणी हसलं नाही. मी ते नाव यादीत परत घेतलं. अर्थापुढे केर लिहिलं, आणि खाली त्या आजीची हकीकत. मॅडम म्हणाल्या, "हे काढलं नाहीस तर उद्या येऊ नकोस." मी काढलं नाही.

सध्या दुसरी नोकरी शोधतेय. मुलाखतीला बसले की आधी नाव सांगते, पूर्ण सांगते. जो हसेल त्याला तिथल्या तिथे विचारणार आहे, तुला जगवायला तुझ्या आईला काय करावं लागलं?